लेआउटच्या आधी झाडांचे सर्वेक्षण: काय मोजावे, कोणाकडून करून घ्यावे? (मराठवाडा)

बांधावरचा (जालना)

नमस्कार मंडळी. जालना महानगरपालिकेच्या हद्दीत आमची सामाईक दोन एकर जमीन असून आम्ही तिघे भाऊ तिथे रेखांकन करून भूखंड पाडण्याच्या विचारात आहोत. पश्चिमेच्या बांधावर सात लिंबांची (कडुलिंबांची) जुनी रांग आहे, विहिरीला लागून उंबर आहे, मधोमध आजोबांच्याही आधीची चिंच आहे आणि उरलेल्या भागात वडिलांनी लावलेले केसर आंबे व आपोआप वाढलेल्या बाभळी आहेत. अभियंत्यांनी काढलेल्या पहिल्या नकाशात नऊ मीटर रुंदीचा अंतर्गत रस्ता नेमका चिंचेवरून जातो.

प्रस्तावासोबत झाडांची यादी लागेल असे कळल्यावर दोन जणांकडे चौकशी केली. एकाने नावे आणि संख्या लिहून एका पानाचे प्रमाणपत्र देण्याची तयारी दाखवली. दुसऱ्याने आधी मोजणीची ‘क’ प्रत (भूमी अभिलेख विभागाचा मोजणी नकाशा) मागितली, प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा लागेल असे सांगितले आणि पहिल्याच्या कितीतरी पट शुल्क मागितले. या दोन कामांत खरोखर एवढा फरक असतो का? शिवाय धाकट्या भावाचे म्हणणे असे की, झाडे एकदा कागदावर आली की आपलेच हात बांधले जातील. त्यामुळे आधी जमीन मोकळी करावी आणि मग नकाशा काढावा. मला हे पटत नाही, पण त्याला द्यायला माझ्याकडे ठोस उत्तरही नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

शिवारफेरी (सेलू)

ई-पीक पाहणी २०२१ साली सुरू झाल्यापासून बांधावरची झाडेही खातेदाराला स्वतः मोबाइलवरून नोंदवता येतात. ती नोंद सातबाऱ्यावर असेल तर तोच उतारा यादी म्हणून जोडावा, वेगळा खर्च कशाला करायचा?

खोडमाप (छत्रपती संभाजीनगर)

मी वनस्पतीशास्त्र शिकलो असून जमीनधारक आणि वास्तुविशारद यांच्यासाठी झाडांची सर्वेक्षणे करतो, त्यामुळे माझे मत त्या बाजूला झुकलेले असणार हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

शिवारफेरी यांनी सुचवलेली नोंद निरुपयोगी नाही. झाड अस्तित्वात होते आणि ते कोणाच्या क्षेत्रात होते हे दाखवायला ती चांगलीच उपयोगी पडते. परंतु ‘चिंच १, लिंब ७’ एवढ्या नोंदीवरून चिंच रस्त्याच्या आखणीपासून किती अंतरावर आहे, तिचा बुंधा आतून पोकळ आहे की भरीव आणि ती आणखी किती वर्षे उभी राहील, यातले काहीच समजत नाही. नकाशा आखणाऱ्याला नेमकी हीच माहिती हवी असते. एका पानाच्या प्रमाणपत्रातही ती नसते, म्हणून ते स्वस्त असते.

पूर्ण सर्वेक्षणात प्रत्येक झाडाला क्रमांक देऊन त्याची जात, घेर, उंची, चारही दिशांना फांद्यांचा विस्तार, खालच्या फांदीची जमिनीपासूनची उंची आणि प्रकृती नोंदवली जाते. घेर आपल्याकडे छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर घेण्याची पद्धत आहे. बाभूळ किंवा सुबाभूळ खालपासूनच फुटलेली असेल तर प्रत्येक खोड वेगळे मोजून ते एकाच झाडाचे असल्याचे लिहावे लागते, अन्यथा एका झाडाची कागदावर तीन झाडे होतात आणि भरपाईची रोपे तिप्पट लावण्याची पाळी येते. असे झालेले कागद मी पाहिले आहेत.

जास्त पैसे कशाला लागतात, तर झाडाचे स्थान निश्चित करायला. मोबाइलच्या जीपीएसमध्ये मोकळ्या आभाळाखालीही काही मीटरचा फरक पडतो आणि दाट पानांखाली तो वाढतो. बांधावरच्या लिंबाच्या बाबतीत एवढा फरक ते झाड शेजाऱ्याच्या गटात नेऊन ठेवायला पुरेसा आहे. भूमी अभिलेख विभागाकडून रोव्हरने (उपग्रहाच्या संकेतावर चालणाऱ्या अचूक मोजणी यंत्राने) मोजणी झाली असेल तर झाडे त्याच निर्देशांकांवर घ्यावीत. गर्द झाडाखाली रोव्हरचाही संकेत तुटतो. तिथे मोकळ्या बिंदूवर टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारे यंत्र) लावून बुंधा घ्यावा लागतो. तुम्हाला ‘क’ प्रत मागणारा माणूस म्हणूनच योग्य वाटेवर आहे. झाडांचा नकाशा आणि जमिनीचा नकाशा एकमेकांवर तंतोतंत बसत नसतील तर ते सर्वेक्षण फाइलची जाडी वाढवण्यापलीकडे काही करत नाही.

प्रकृती पाहणे हे अनुभवाचे काम आहे. बुंध्यावर लाकडी हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐकावे, मुळे जिथे खोडाला मिळतात तिथे माती थोडी उकरून कूज पाहावी, जुन्या फांदीच्या जखमा भरल्या आहेत का ते पाहावे. गॅनोडर्मासारख्या बुरशीची कठीण छत्री बुंध्याशी दिसली तर वरून हिरवेगार दिसणारे झाडही मुळातून कुजत असल्याची ती खूण असते, आणि ही छत्री बहुधा पावसाळ्यात फुटते. लिंबाच्या बाबतीत मात्र घाई करू नये. फोमोप्सिस नावाच्या बुरशीने लिंबाचे शेंडे करपून संपूर्ण झाड वाळल्यासारखे दिसते, परंतु पुष्कळदा ते पुन्हा फुटते. करपलेल्या अवस्थेत पाहून ‘मृत’ असा शेरा मारणाऱ्याला पुढील पालवीपर्यंत थांबायला सांगावे.

आता तुमच्या चिंचेकडे येतो. झाडाभोवती किती जमीन सोडावी यासाठी आपल्याकडे सर्वमान्य सूत्र रूढ नाही, म्हणून मी ब्रिटनच्या बीएस ५८३७ या मानकाचा आधार घेतो. बांधकाम आणि झाडे यांच्या संबंधांवरचे हे मानक असून मी त्याची २०१२ सालची आवृत्ती वापरतो. त्यात खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ मुळांसाठी राखायला सांगितले आहे आणि झाडांचे चार गट पाडले आहेत. पहिल्या गटात अजून ४० वर्षे तरी टिकतील अशी उत्तम झाडे, दुसऱ्यात २० वर्षे टिकणारी मध्यम, तिसऱ्यात १० वर्षे टिकणारी सामान्य अथवा अगदी लहान खोडाची, आणि चौथ्यात टिकण्याची आशा नसलेली झाडे येतात. तिथे व्यास १.५ मीटर उंचीवर मोजतात, हा फरक लक्षात ठेवावा.

समजा चिंचेचा घेर ३ मीटर आहे. मग व्यास सुमारे ९५ सेंटिमीटर, त्रिज्या साधारण साडेअकरा मीटर आणि राखायचे क्षेत्र जवळपास ४ गुंठे होते. राज्याच्या एकीकृत विकास नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात १० टक्के खुली जागा सोडावीच लागते. दोन एकरांत ती ८ गुंठ्यांच्या आसपास येते. म्हणजे खुली जागा चिंचेभोवती आखली तर नियमानुसार जी जमीन तशीही विकता येणार नव्हती, तिच्याच अर्ध्या भागात चिंच बसते आणि भूखंडाचा एक फूटही कमी होत नाही. हा हिशेब रेखांकन मंजूर होण्यापूर्वी केला तरच उपयोगाचा आहे.

आखणी (नांदेड)

मी रेखांकनाचेच काम करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. खोडमाप यांचे गणित कागदावर सुंदर आहे, पण खुली जागा वाटेल तिथे टाकता येत नाही. तिला रस्ता लागतो आणि तिचा आकार नियमात बसावा लागतो. अंतर्गत रस्त्याची दिशा शेजारच्या मंजूर रेखांकनातील रस्त्याला किंवा विकास योजनेतील रस्त्याला जोडून ठरते, आणि नाल्यांचा उतार जमीन ठरवते, आम्ही नाही. चिंच नेमकी त्या रेषेत असेल तर ती वाचवायला रस्ता वळवावा लागतो, कोपऱ्यातले दोन भूखंड तिरके होतात आणि तिरका भूखंड गिऱ्हाईक नाकारतो.

शिवाय ब्रिटनचे मानक इथल्या मातीला लावण्याविषयी मला शंका आहे. मराठवाड्यातली निम्मी रेखांकने काळ्या भारी जमिनीवर होतात. या मातीत मोठे झाड आणि इमारत जवळजवळ ठेवणे दोघांच्याही हिताचे नसते.

खोडमाप (छत्रपती संभाजीनगर)

रस्त्याच्या जोडणीचा मुद्दा मान्य आहे. म्हणूनच सर्वेक्षण आधी हवे असे मी म्हणतो. रस्ता हलत नसेल हे सुरुवातीलाच कळले तर चिंचेसाठी परवानगीचा अर्ज पहिल्या दिवशी करता येतो, अर्धे भूखंड विकले गेल्यावर नव्हे.

मातीविषयी आखणी यांनी जे लिहिले आहे त्यावर अधिक बोलायला हवे, कारण इथे बहुतेक जमीनधारकांची समजूत उलटी असते. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. मोठे झाड मुळांवाटे पाणी ओढून आपल्याभोवतीची माती खोलवर कोरडी करते, त्यामुळे त्याच्या जवळच्या उथळ पायाखालची जमीन उन्हाळ्यात खचते आणि भिंतीला तिरक्या भेगा पडतात. मग लोक म्हणतात, झाडच काढून टाका. परंतु अनेक दशकांचे झाड काढून त्याच जागेवर लगेच पाया घेतला, तर इतकी वर्षे कोरडी राहिलेली माती पुढच्या पावसाळ्यांत हळूहळू पाणी पिऊन फुगू लागते आणि बांधकाम वर उचलले जाते. ही भेग झाड गेल्यानंतर पडते, म्हणून तिचे कारण कोणाच्या लक्षात येत नाही. अशा ठिकाणी मातीची तपासणी करून अंडररीम्ड पाइलचा (खालच्या टोकाला फुगीर असलेल्या खोल खांबांचा) पाया घ्यावा की नाही हे संरचना अभियंत्याने ठरवायचे असते, आणि तोडलेली मोठी झाडे नेमकी कुठे होती हे त्याला माहीत असावे लागते. म्हणजे तोडायच्या झाडांचे स्थानही तितकेच जपून नकाशावर घ्यावे लागते. ज्या अहवालात फक्त राखायची झाडे दाखवलेली असतात तो मी अपुरा समजतो.

बारापट त्रिज्येचे सूत्र हे आरंभबिंदू आहे, धर्माज्ञा नव्हे. आपल्याकडे वरच्या थरात फूटभर माती आणि खाली कठीण मुरूम असेल तर मुळे खोल जाऊ शकत नाहीत, आडवी लांब पसरतात. तिथे मी वर्तुळ वाढवतो. एका बाजूला जुनी विहीर किंवा दगडी ताल असेल तर मुळे त्या बाजूला कमी असतात, तिथे आकार बदलतो. हे जागेवर ठरते.

विधिज्ञ_लातूर

धाकट्या बंधूंचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा असूनही मागे पडला आहे, म्हणून त्याविषयी लिहितो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २५ नुसार भोगवट्याच्या जमिनीतील झाडांवर सामान्यतः धारकाचाच हक्क असतो. मात्र हक्क असणे आणि परवानगीशिवाय तोडता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महानगरपालिका आणि नगरपरिषदांच्या क्षेत्रात महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो आणि तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज आला की वृक्ष अधिकारी पाहणी करतो, वृत्तपत्रात सूचना दिली जाते आणि झाडावरही नोटीस लावून हरकती मागवल्या जातात. शहराबाहेरच्या शेतजमिनीत महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ पाहावा लागतो. त्याच्या अनुसूचीत साग, चिंच, आंबा, जांभूळ, मोह, खैर, चंदन, अंजन अशा निवडक जाती आहेत. त्यामुळे ग्रामीण भागातील सर्वेक्षणात अनुसूचीतील जाती वेगळ्या रकान्यात दाखवायला सांगावे. गट शहराच्या हद्दीत आहे की बाहेर, हे कागदोपत्री तपासल्याशिवाय कोणता कायदा लागेल हे सांगणे धोक्याचे आहे. विशेषतः हद्दवाढ झालेल्या गावांमध्ये लोक जुन्याच समजुतीने वागतात.

२०२१ च्या दुरुस्तीने नागरी कायद्यात दोन मोठे बदल झाले. पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष मानले गेले, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे तत्त्व आले. नवी रोपे किमान सहा ते आठ फूट उंचीची असावीत, त्यांचे स्थान जिओ-टॅग करावे आणि सात वर्षे ती जगवावीत, अशी अपेक्षा आहे. दोनशे किंवा अधिक झाडांचा प्रस्ताव राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे जाईल, अशी तरतूदही त्या दुरुस्तीत होती.

आता धाकट्या बंधूंनी असा हिशेब करावा. बांधावरच्या सात लिंबांचे वय प्रत्येकी साठ वर्षे धरले गेले तर ४२० रोपे लावून सात वर्षे सांभाळावी लागतील, आणि ती लावायला दोन एकरांत भूखंड पाडल्यावर जागाच उरणार नाही. त्यांच्या मते यावरचा उपाय म्हणजे रातोरात जमीन मोकळी करणे. परंतु उपग्रहाची जुनी चित्रे आज कोणालाही घरबसल्या पाहता येतात, ई-पीक पाहणीतील नोंदी छायाचित्रांसह असतात आणि शेजारी सामाईक बांधाच्या वादात असेल तर पहिली तक्रार त्याचीच येते. गुन्ह्याची नोंद झालेल्या गटावरचे भूखंड विकताना खरेदीदाराचा वकील काय म्हणेल याचाही विचार व्हावा. हात बांधले जातात ते कायद्याने, यादीने नव्हे. यादीचा उपयोग एवढाच की कोणती झाडे वाचवून अर्ज लहान करता येईल ते समजते. बांधावरचे लिंब भूखंडाच्या मागच्या समासात (बांधकाम न करता सोडायच्या पट्ट्यात) बसत असतील तर सातांपैकी किती खरोखर तोडावे लागतात, हा प्रश्न आधी विचारावा.

बांधकामाचे एकूण क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक होणार असेल तर पर्यावरण मंजुरी लागते आणि तिथेही झाडांचा तपशील मागितला जातो. दोन एकरांच्या साध्या भूखंड योजनेला तो प्रश्न येत नाही.

काळी_माती (परभणी)

वयाइतकी झाडे लावायची, हे ठीक. पण वय ठरवणार कोण आणि कसे? आमच्या गावातील वडाचे वय विचारले तर प्रत्येक म्हातारा वेगळे सांगतो.

खोडमाप (छत्रपती संभाजीनगर)

हा सर्वांत वादाचा आकडा आहे आणि यावर सरळ उत्तर नाही. सागाच्या खोडात वर्षकड्या स्पष्ट दिसतात, त्यामुळे तोडलेल्या सागाचे वय बऱ्यापैकी विश्वासाने सांगता येते. वड, पिंपळ, उंबर यांच्या बाबतीत ती सोय नाही, आणि उभ्या झाडाला भोक पाडून पाहणे त्याला अपायकारकच असते. म्हणून घेरावरून अंदाज करतात. परंतु घेरावरून वय काढण्याचे कोष्टक एका प्रकारच्या जमिनीवर बनते आणि दुसरीवर वापरले जाते. विहिरीच्या दांडावर वाढलेला लिंब आणि बालाघाटाच्या माथ्यावर मुरमात दुष्काळ सोसत वाढलेला लिंब यांचा घेर सारखा असला तरी वयात दुपटीचा फरक असू शकतो. लागोपाठ पाऊस न झालेल्या वर्षांत झाड जवळजवळ वाढतच नाही.

म्हणून मी अहवालात एकच आकडा न देता किमान आणि कमाल अशी मर्यादा देतो आणि त्याला आधार काय तेही लिहितो. जुने मोजणी नकाशे, विहीर खोदल्याची नोंद, घराच्या वाटणीपत्रात आलेला झाडाचा उल्लेख, एखादे जुने छायाचित्र, हे सगळे पुरावे कोष्टकापेक्षा मोलाचे ठरतात. वाटणीपत्रात ‘चिंचेपासून पूर्वेस’ असे वर्णन सापडले की चिंच त्या सालापूर्वीची हे सिद्ध झाले. मराठवाड्यात अशा खुणांवरून क्षेत्र सांगण्याची रीत जुनी असल्यामुळे कागद चाळण्याचे कष्ट बहुधा वाया जात नाहीत. फक्त एक सांगतो: वय कमी दाखवण्यासाठी आग्रह धरणारे ग्राहक भेटतात, आणि तसे लिहून देणारेही भेटतात. वास्तुविशारदांची जशी कायद्याने स्थापन झालेली परिषद आहे तशी आमच्या व्यवसायाची नाही, त्यामुळे प्रमाणपत्राखाली कोणाची सही आहे यापेक्षा मोजमापांचा आधार तपासावा.

मोसंबीची_बाग (अंबड)

विषय थोडा वेगळा आहे, पण याच धाग्यात विचारतो. आमच्या बागेतून रस्त्याच्या भूसंपादनाची आखणी गेली आहे. संयुक्त मोजणीच्या वेळी झाडे मोजली गेली, परंतु बांधाकडची एक रांग आणि नव्याने लावलेली झाडे यादीत नाहीत. संपूर्ण बागेचे वयही एकच लिहिले आहे. संबंधित कार्यालयात विचारले तर आता यादी बदलत नाही असे सांगतात. खासगी सर्वेक्षण करून घेतले तर त्याला काही किंमत आहे का?

विधिज्ञ_लातूर

किंमत आहे, मात्र ते वेळेत व्हायला हवे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २९ नुसार जमिनीवरील झाडे आणि पिके यांचे मूल्य ठरवण्यासाठी जिल्हाधिकारी कृषी, वन, फलोत्पादन, रेशीम या क्षेत्रांतील अनुभवी व्यक्तींची मदत घेऊ शकतात. कलम ३० नुसार एकूण मोबदल्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते आणि त्या एकूण रकमेत झाडांचे मूल्यही धरलेले असते. म्हणजे झाडांच्या मूल्यांकनात एक रुपया कमी लागला तर तुमचे नुकसान दोन रुपयांचे होते. राष्ट्रीय महामार्गासाठी संपादन वेगळ्या कायद्याने होत असले तरी मोबदला ठरवताना २०१३ च्या कायद्याची पहिली अनुसूची लागू आहे. निवाडा मान्य नसल्यास तिथे लवादाकडे जावे लागते, तर इतर संपादनात कलम ६४ खाली संदर्भ (म्हणजे प्रकरण प्राधिकरणाकडे निर्णयासाठी पाठवणे) मागता येतो. रक्कम स्वीकारताना निषेध नोंदवूनच स्वीकारावी. जमीन थेट खरेदीने दिली असेल, जशी समृद्धी महामार्गासाठी पुष्कळांनी दिली, तर करारात झाडांची रक्कम समाविष्ट आहे की नाही हे सहीपूर्वीच पाहावे लागते. नंतरचे मार्ग फार अरुंद असतात.

तोंडी विचारणा करू नये. वगळलेल्या रांगेविषयी लेखी हरकत द्यावी, आवक क्रमांक घ्यावा आणि संयुक्त मोजणीच्या पत्रकाची प्रत मागावी.

खोडमाप (छत्रपती संभाजीनगर)

तांत्रिक बाजू मी सांगतो. बागेचे सर्वेक्षण हे लेआउटच्या सर्वेक्षणाहून वेगळे असते. इमारती लाकडाचे मूल्य घेर आणि सरळ खोडाची लांबी यांवरून निघते. फळझाडाचे मूल्य त्याचे वय, सध्याचे उत्पादन, बाजारभाव आणि पुढे किती वर्षे ते फळ देणार यांवरून निघते. त्यामुळे वयाचा रकाना चुकला की सगळेच चुकते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या असंख्य बागा वाळल्या आणि नंतर अनेकांनी मर भरून काढत तुटक लागवड केली. अशा बागेत एकाच ओळीत वेगवेगळ्या वयाची झाडे असतात, आणि संपूर्ण बागेला एक वय लावणे हे त्या बागेचे वर्णनच होऊ शकत नाही.

तुम्ही ओळ क्रमांक आणि ओळीतील झाड क्रमांक अशी जाळीसारखी नोंद करावी. सहा बाय सहा मीटरवर लागवड असेल तर हेक्टरी २७७ जागा होतात. प्रत्येक जागेसमोर झाड उभे आहे, मर झाली आहे की नवे रोप आहे, हे लिहिल्यावर बेरीज आपोआप तपासली जाते आणि वगळलेली रांग कोणालाही बोटाने दाखवता येते. रोपवाटिकेच्या पावत्या, ठिबक संचाच्या अनुदानाचे कागद, फळपीक विम्याच्या नोंदी आणि बाजार समितीच्या पट्ट्या सोबत लावाव्यात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विभागाच्या जाणकाराला बाग दाखवून त्याचे लेखी मत घेता आले तर खासगी अहवालाला वजन येते. बाग ताब्यातून जाण्यापूर्वी हे सगळे व्हायला हवे, कारण झाडे एकदा उपटली गेली की मोजायला काही राहत नाही. अधिसूचनेनंतर घाईने लावलेली रोपे मात्र यादीत घुसवू नयेत. ती वयावरून लगेच ओळखू येतात आणि खऱ्या झाडांवरही संशय ओढवतात.

बांधावरचा (जालना)

सर्वांचे आभार. धाकट्याला ४२० रोपांचा हिशेब वाचून दाखवला. तो निरुत्तर झाला नाही, पण तूर्त जेसीबी सांगणार नाही एवढे कबूल केले. आता सर्वेक्षकाला काम देताना लेखी काय ठरवून घ्यावे आणि ते कोणत्या ऋतूत करावे, एवढे सांगावे.

खोडमाप (छत्रपती संभाजीनगर)

एका ऋतूत सगळे दिसत नाही. पानगळीनंतर, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर, फांद्यांची रचना, ढोल्या आणि चिरा स्वच्छ दिसतात. बुरशी आणि मुळांची कूज पावसाळ्यात दिसते. शक्य असेल तर मोजमापे आत्ता घ्यावीत आणि संशयास्पद झाडांची फेरपाहणी पावसाळ्यात ठरवून ठेवावी. संशयित मोठ्या झाडाची आतली पोकळी ध्वनिलहरींच्या यंत्राने तपासता येते, पण त्याचा खर्च सात लिंबांवर करू नये, फार तर चिंचेवर करावा.

लेखी ठरावात एवढे असावे: नकाशा तुमच्या मोजणीच्याच निर्देशांकांवर आणि अभियंत्याला थेट वापरता येईल अशा कॅड स्वरूपात; गटाबाहेरची पण फांद्या किंवा मुळे आत येणारी शेजाऱ्याची झाडेही मोजलेली; प्रत्येक झाडाचे क्रमांकासह छायाचित्र; आणि राखायच्या झाडांभोवती काम सुरू असताना काय करायचे नाही याचे एक पान. शेवटची गोष्ट बहुतेक अहवालांत नसते आणि झाडे नेमकी तिथेच मरतात. मंजुरीत राखलेला आंबा कोणी कुऱ्हाडीने तोडत नाही. त्याच्या बुंध्याशी दोन फूट मुरमाचा भराव पडतो, त्यावरून भरलेले टिप्पर फिरतात, जलवाहिनीचा चर मुळे कापत जातो, आणि दोन उन्हाळ्यांनी आंबा वाळला की पाणी कमी पडले असे म्हटले जाते. म्हणून जेसीबी येण्याआधी राखीव वर्तुळावर खांब आणि तारेचे कुंपण घालण्याची अट ठेकेदाराच्या करारात घालावी. विहिरीजवळच्या उंबराबाबत एक सूचना: विहीर बुजवायची असेल तर झाडाच्या बाजूने यंत्र उभे करू नये.

आखणी (नांदेड)

सर्वेक्षण कॅड स्वरूपात आणि मोजणीच्या निर्देशांकांवर मिळणार असेल तर माझी बहुतेक हरकत संपते, कारण आम्हाला त्रास होतो तो हाताने काढलेल्या आणि कुठेच न जुळणाऱ्या यादीचा. एक भर घालतो. बांधावरचावाले भाऊ, तुमच्या अभियंत्यांना दोन पर्याय काढायला सांगा: एक रस्ता सरळ ठेवून आणि एक खुली जागा चिंचेभोवती घेऊन. दोन्हींत भूखंडांची संख्या, विक्रीयोग्य क्षेत्र आणि तोडायची झाडे शेजारी शेजारी लिहायला लावा. दुसऱ्या पर्यायात तिरके होणारे भूखंड कोणाच्या वाट्याला येतील, हे मात्र तिघा भावांनी वाटणी होण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. त्यावर अडलेली कामे मी झाडांवर अडलेल्या कामांपेक्षा जास्त पाहिली आहेत.